उभीनं कापलेली माकुलं

मासळीबाजारात तिला सगळे 'उभी' म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठ फिरली की उभी. बाकीच्या कापणाऱ्या बायका खाली बसून मासळी कापायच्या. ही एकटी कमरेइतक्या उंच दगडी ओट्याशी उभी राहून कापायची. दहा वर्षांची असताना वाळूवरून वर ओढत असलेली होडी मागे घसरली आणि हिच्या उजव्या गुडघ्यावर आली. हाड सांधलं, पण गुडघा पुन्हा कधी दुमडला नाही. चालताना ती तो पाय बाजूनं फिरवून पुढे टाकायची, एखाद्या दाराची झडप उघडावी तसा. "बसून खायचं नशिबातच नाही माझ्या," असं म्हणून स्वतःच हसायची.

माझी तिची गाठ पडली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि एका फिरत्या नाटक कंपनीत राण्यांची कामं करत होते. राज्य गमावलेल्या राण्या, मुलगा गमावलेल्या राण्या, शेवटच्या अंकात विष घेणाऱ्या राण्या. त्या बंदरात कंपनीचा मुक्काम लांबला होता. पत्र्याचं नाट्यगृह होतं, पण प्रेक्षक सोन्यासारखे. रडायचे तेही मोठ्यानं. कंपनीच्या बिऱ्हाडात ढेकणांनी उच्छाद मांडला, तेव्हा मी मावशीची मागची खोली भाड्यानं घेतली. खोलीत एक खाट, एक खुंटी आणि खिडकीत वाळत घातलेली जाळी. बाहेरचं काही दिसायचं नाही, नुसते चौकोन दिसायचे.

"काम काय करतेस?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"रोज संध्याकाळी मरते," मी म्हटलं.

"आणि मी रोज सकाळी कापते. जमेल आपलं."

तेव्हापासून मी तिची राणीसाहेब झाले. "राणीसाहेब, बादली रिकामी करा." "राणीसाहेब, तुमच्या साडीला खवले लागलेत, प्रजा काय म्हणेल?"

तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. कुठं गेलं विचारलं की सांगायची, "गिऱ्हाइकाला चुकून बांधून दिलं. तक्रार घेऊन आला नाही, म्हणजे आवडलं असणार." सुरी मात्र तिच्या हातात असताना कधी दिसायची नाही, इतकी ती हाताचीच वाटायची. मी चाळीस वर्षांत रंगभूमीवर पुष्कळ तलवारबाज पाहिले. त्या सगळ्यांना मी तिच्या ओट्यापाशी उमेदवारीला बसवलं असतं.

पण बाजारात तिला जो मान होता तो कापण्याचा नव्हता, बघण्याचा होता. मासा उघडला की तो कसा मेला ते ती सांगायची. जाळ्यात गुदमरून, गळाला लागून, की उपाशी. आणि सुरुंगाच्या बारानं मेलेला असेल तर तेही. त्या काळी काही लोक सुरुंगाची कांडी पेटवून पाण्यात टाकायचे, आणि वर आलेली मासळी टोपल्यांनी भरायचे. अशी मासळी बाहेरून धडधाकट दिसते. आत मणका तुटलेला असतो, पोटातला हवेचा फुगा फाटलेला असतो, रक्त कुठलं कुठं गेलेलं असतं. असा मासा ओट्यावर आला की मावशी तो मालकाच्या देखत गटारात फेकायची. "हा मारलेला नाही, फोडलेला आहे. मी फोडलेलं कापत नाही." मोठमोठे होडीवाले तिच्यापुढे हात चोळत उभे राहायचे. तिनं एकदा सांगितलं की ते सांगितलं.

तिचा धाकटा भाऊ तांडेल होता, म्हणजे एका मोठ्या होडीचा म्होरक्या. बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्यानं तान्हं पोर ताईच्या हातात दिलं आणि तो समुद्रावर गेला. ते पोर मावशीनं वाढवलं. ओट्याखालच्या टोपलीत झोपवून, खवल्यांच्या पावसात वाढवलं. मी त्या घरात राहायला आले त्याच्या दोन महिने आधी तो भाचा गेला होता. चोवीस वर्षांचा होता. अडकलेलं जाळं सोडवायला त्यानं पाण्यात बुडी मारली आणि जवळच कुणीतरी बार उडवला. तिसऱ्या दिवशी समुद्रानं त्याला परत दिला. अंगावर ओरखडाही नव्हता. मावशीनं त्याला कुणाला हात लावू दिला नाही. कानांतलं रक्त स्वतः पुसलं, छातीवरून हात फिरवला, आणि भावाला सांगितलं, "आत सगळं फुटलंय रे ह्याचं."

बार कुणी उडवला ते कळलं नाही. तांडेल त्या दिवसापासून प्रत्येक माणसाच्या हाताकडे बघत हिंडायचा.

एका सकाळी उजाडता उजाडता मावशीनं माझं दार ठोठावलं. "उठा राणीसाहेब. समुद्रानं ओकलंय."

आम्ही वाळूवर पोचलो आणि माझी पावलं तिथंच थांबली. भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत सगळा किनारा माकुलांनी, सोंडांच्या आणि मऊ अंगाच्या त्या शाई सोडणाऱ्या जिवांनी, भरलेला होता. हजारो असतील. बोटभर नव्हेत, हातभर लांबीची. निम्मी मेलेली, पांढरी पडलेली, ओल्या चादरीसारखी एकमेकांवर पसरलेली. उरलेली जिवंत होती आणि ती जास्त भयंकर होती. त्यांच्या अंगावरून रंग धावत होते. लाल, पिवळा, तपकिरी, मग एकदम पांढरा, पुन्हा लाल. रंगमंचावर दिवे बिघडावेत आणि कुणालाच बंद करता येऊ नयेत तसं. जवळ येईल त्याला ती धरत होती. बहुतेक वेळा जवळ असायचं ते दुसरं माकूलच. सोंडांनी आवळून, चोचीनं लचका तोडून, मग दोघंही गळून पडायची. काही पाणी फेकत मागे सरकायची धडपड करत होती, तर वाळूतच खोल खोल रुतत होती. शाईचे काळे ओहोळ वाळूतून पाण्याकडे चालले होते.

पाखरांना तर पर्वणीच होती. ती आधी डोळे काढत. माकुलाचा डोळा मोठा असतो, आणि माणसासारखा बघतो. मी पाहत असताना एका पाखरानं एका जिवंत माकुलाचा डोळा उपसला. त्या माकुलाचं सारं अंग लाल झालं आणि लालच राहिलं.

"असं का होतं, मावशी?"

"दोनदा पाहिलंय आजवर. का होतं ते त्यांनाच विचार." ती काठीनं एकेक उलटं करून बघत चालली होती. तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडा आला. "उभीला बोलवा! मावशीला आणा रे!"

होड्या वर ओढण्यासाठी तिथं वाळूत एक जाड लाकडी खांब पुरलेला होता. त्याला एक माणूस बांधला होता. चाळिशीचा, काटकुळा, अंगावर दगडाची पांढरी धूळ. तो डोंगरापलीकडच्या दगडखाणीत काम करणारा होता. पहाटे पोत्यात माकुलं भरताना सापडला होता. खाणवाला म्हणजे सुरुंगाशी रोजचा संबंध. एवढं पुरे होतं. ओठ आधीच फाटले होते. तो ओरडत होता म्हणून त्याच्या तोंडात जाळं पुसायच्या चिंध्यांचा बोळा कोंबून वरून दोरी बांधली होती. सभोवती तीस-चाळीस माणसं होती, आणि मध्ये तांडेल, हातात वल्हं घेऊन.

"ताई, आलीस? बघ. रात्रीतून एवढी माकुलं आपोआप येतात का? बाराच्या दणक्यानं अर्धमेली होऊन आलीत ही. आणि हा बघ, पोतं घेऊन वेचायला हजर."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणतो, घरी न्यायला आलो होतो. खाणीत पोटभर मिळत नाही म्हणे." कुणीतरी खाणवाल्याच्या पोटात लाथ घातली. तो दोरात लोंबकळला. "तू एक कापून बघ. पोट स्वच्छ निघालं तर सोडतो, तुझ्या गळ्याची शपथ. काळं निघालं तर हा इथून जिवंत जायचा नाही."

माकुलाच्या पोटात शाईची एक छोटी पिशवी असते, बोटाच्या पेराएवढी, पाऱ्यासारखी चकाकणारी. बार उडाला की ती आतल्या आत फुटते आणि सगळं पोट काळं होतं. हे त्या जमावात प्रत्येकाला ठाऊक होतं. एका माणसाचा जीव त्या पेराएवढ्या पिशवीत होता, आणि ती उघडायची मावशीनं.

 मी तिच्या अगदी जवळ होते. तिचा चेहरा मी तोवर असा कधी पाहिला नव्हता. नाकपुड्या फुलल्या होत्या. खांबाला बांधलेल्या माणसाच्या हातांकडे ती पाहत होती, आणि मला कळलं की हिलाही हा माणूस तोच असायला हवा आहे. तीन महिने हवा आहे.

कुणीतरी होडीची फळी आणून पुढ्यात टाकली, दुसऱ्यानं ती दोन पेट्यांवर उंच ठेवली. मावशीनं वाकून पायाशी वळवळणारं एक माकूल डोक्यामागे धरून उचललं, फळीवर आपटलं, उताणं केलं आणि सुरी घातली. खाणवाला बोळ्यातून जिवाच्या आकांतानं काहीतरी ओरडला. आम्हाला वाटलं, सुरी बघून घाबरला.

पोट काळंकुट्ट निघालं. शाई फळीवरून तिच्या पायांवर ठिबकली.

 गर्दीतून गर्जना उठली. तांडेलानं वल्हं दोन्ही हातांनी फिरवलं. ते खाणवाल्याच्या तोंडावर डाव्या बाजूनं बसलं. मी रंगभूमीवर शेकडो फटके ऐकलेत. पडद्यामागे पोतं बडवून आमचा माणूस तो आवाज काढायचा. खरा आवाज तसा नसतो. खरा आवाज ओल्या लाकडाचा असतो आणि लहान असतो. खाणवाल्याचा डावा डोळा होता तिथं रक्त आणि काहीतरी पांढरं दिसलं. लोक पुढे सरकले. हाताला लागेल त्यानं मारू लागले. दोर, बूट, मुठी. एकानं मेलेलं माकूलच त्याच्या तोंडावर फेकलं आणि त्यावरही लोक हसले.

मावशी मात्र अजून फळीवर वाकलेली होती. कापलेल्या माकुलाचं मांस ती दोन बोटांत धरून उजेडाकडे बघत होती. "राणीसाहेब," ती म्हणाली, "हे बघ. कागद झालाय ह्याचा." खरंच, त्या मांसातून पलीकडचं बोट दिसत होतं. "हे अंडी घालून रिकामं झालेलं आहे. म्हातारं आहे. अंगात काही उरलेलं नाही ह्याच्या." मग ती ताठ झाली. उजव्या हाताकडे पाहू लागली. "अरे देवा. मी आपटलं."

जिवंत माकूल चावतं. त्याची चोच नखासकट मांस काढते. म्हणून त्या गावात माकूल हातात आलं की आधी एकदा फळीवर आपटायचं आणि मग पुढचं काम, अशी पद्धत होती. पद्धत तरी कसली, श्वासासारखं होतं ते. पोरंसोरंही करायची. धडधाकट, जाड मांसाच्या माकुलाला त्यानं काही होत नाही, नुसतं बधिर होतं. पण हे कागदासारखं झालेलं म्हातारं माकूल. त्याची पिशवी बारानं नव्हे, तिच्याच हातानं फुटली होती.

"थांबा!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. तिनं फळीकडे पाठ फिरवून तो ताठ पाय ओढत गर्दीत घुसायला सुरुवात केली. मी मागोमाग. कुणाचं तरी कोपर माझ्या दातांवर बसलं. माझ्याजवळ आवाज होता, पत्र्याच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला रडवणारा. मी तो सगळा लावला. "थांबा, मावशी बोलतेय!" एकानं मागे बघून म्हटलं, "ए नाटकवाले, तिकडं जाऊन मर संध्याकाळी," आणि पुन्हा लाथ घातली.

मावशी खांबापाशी पोचली आणि खाणवाल्याच्या अंगावर पाठ टेकवून उभी राहिली. तांडेलाचं वल्हं तेव्हा खाली येतच होतं. ते तिच्या खांद्यावर बसलं. तिचा श्वास आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग म्हणाली, "मी आपटलं रे ते माकूल. मी फोडलं. बारानं नाही फुटलं."

"बाजूला हो, ताई."

"मी आपटून कापलं."

"मग? आपटल्याशिवाय कापतं का कुणी?" तांडेलाच्या होडीवरचा एक दाढीवाला खलाशी म्हणाला. "तीस वर्षं आपटतेयस, मावशी. एक तरी फुटलं का आजवर?"

प्रश्न बरोबर होता. लोकांनी माना डोलावल्या.

"ती भरलेली होती. ही रिकामी आहेत. अंडी घालून मरायला आलीत. न आपटता कापून बघते, मग बोला. आणा एक." तिनं सुरी वर केली नव्हती, पण ती हातात आहे हे सगळ्यांना दिसत होतं. "आण रे, दाढी. न आपटता आण."

दाढीवाला गेला, वाकला, एक माकूल उचललं, आणि परत येता येता ते सहज एका होडीच्या कडेवर आपटलं. त्याला पत्ताही नव्हता. मावशीनं ते उघडलं. काळं.

"झालं ना?" तांडेल म्हणाला.

"अरे, त्यानं आपटलं वाटेत! पाहिलंत ना सगळ्यांनी?"

"कुठं आपटलं मी?" दाढीवाला शपथेवर म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. दुसरा गेला. ह्यानं हात अंगाशी घट्ट धरून ठेवला होता, पण माकुलानं त्याच्या मनगटाला सोंडा गुंडाळल्या मात्र, त्यानं पटकन ते मांडीवर आपटलं आणि मग जीभ चावली. कुणीतरी फिस्सकन हसलं. खांबाला बांधलेल्या माणसाच्या हनुवटीवरून रक्ताची तार लोंबत होती आणि लोक हसत होते. त्या गावात एकही हात नव्हता जो थांबला असता.

मग मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "राणीसाहेब, तुला ही खोड नाही. तू आण."

मी पाण्यापर्यंत गेले. दोन्ही हातांत एक जिवंत माकूल उचललं. थंड, जड, आतून धडधडणारं. त्यानं माझा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चावली. चावली म्हणजे कापून नेली. ती खूण आजही आहे. मला सोडायचं नव्हतं, म्हणून मी ओरडत ओरडत चालले. लोकांनी वाट दिली. मी ते फळीवर अलगद ठेवलं, मूल ठेवावं तसं. मावशीनं ते उताणं केलं, आणि तिचा उजवा हात वर उचलला गेला हे मी पाहिलं. तिनं डाव्या हातानं स्वतःचं मनगट पकडलं, खाली आणलं, आणि सुरी घातली.

पिशवी अख्खी होती. सकाळच्या उजेडात चमकत होती. आतलं मांस पांढरंस्वच्छ, अंड्यांची जागा रिकामी.

"आणखी," तांडेल म्हणाला.

मी अकरा माकुलं आणली. अकरा वेळा माझे हात चावले गेले. अकराही स्वच्छ निघाली. बाराव्या वेळी मावशीनं माझ्याकडून माकूल घेऊन सर्वांच्या देखत आपटलं आणि कापलं, तर काळं. मग आणखी एक न आपटता, तर स्वच्छ. आता गर्दीतला आवाज बदलला होता. मागची माणसं मागच्या मागे निघून जाऊ लागली. दाढीवाला आपल्या तळहाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

तांडेल हलला नाही. "मग माझा पोरगा कुणी मारला?"

"मला माहीत नाही."

"तूच म्हणालीस, आत सगळं फुटलंय."

"म्हणाले. पण ह्यानं फोडलं असं नाही म्हटलं मी. ह्यानं समुद्र तरी कधी पाहिलाय का धड?"

"कुणीतरी फोडलं ना, ताई!" त्याचा आवाज चिरला. मी आजही म्हणते, तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याजवळ तीन महिन्यांचा राग होता आणि समोर एक बांधलेला माणूस होता. त्यानं वल्हं पुन्हा डोक्याच्या वर नेलं. हा फटका शेवटचा होता, हे त्यानं पाय रोवले होते त्यावरून कळत होतं. खाणवाल्याची मान एका बाजूला पडली होती आणि उरलेला डोळा वर, वल्ह्याकडे लागला होता.

मावशीनं भावाला कापलं.

सुरी वर गेलेली मला दिसली नाही. त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूनं, मनगटाच्या वर चार बोटं, आडवा एकच फराटा. कुठं कापलं की मूठ उघडते, हे तिला माहीत होतं. बोटं आपोआप उलगडली आणि वल्हं त्याच्या पाठीमागे वाळूत पडलं. तांडेल आपल्या उघड्या पंजाकडे बघत राहिला. त्यानं मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा हलला, बाकी काही हललं नाही. मग रक्त आलं, आणि ते थांबेना.

"ताई," तो म्हणाला, लहान मुलाच्या आवाजात.

"बस खाली. हात वर धर." तिनं डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या दंडावर आवळला, आणि त्याच सुरीनं खांबाचे दोर कापले. खाणवाला तिच्या अंगावर कोसळला. तो ताठ पाय वाळूत रोवून तिनं त्याला पेललं.

बर्फातली मासळी नेणारी हातगाडी होती, तिच्यावर दोघांनाही घातलं. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये ही. दाढीवाला आणि मी गाडी ओढत होतो.  बाजाराच्या चढावर मावशीनं खाणवाल्याच्या तोंडाची दोरी सोडली आणि बोळा काढला. त्याबरोबर दोन दात पडले. तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग फाटक्या ओठांतून म्हणाला, "तुम्ही आपटलंत."

"हो," मावशी म्हणाली.

"मी बघितलं. मी ओरडत होतो."

"हो. आपटलं मी."

"सांगत होतो मी," तो म्हणाला, आणि रडायला लागला. तो डोळा नसलेल्या बाजूनंही रडत होता. भाऊ पलीकडे तोंड करून पडला होता, पण त्यानं ऐकलं. दाढीवाल्याच्या हातातला दांडा सुटला आणि गाडी वीतभर मागे घसरली. मी म्हटलं, "ओढ रे," तेव्हा त्यानं पुन्हा धरला.

दवाखान्यात एकच डॉक्टर होते आणि एकच टेबल. वयस्क, झोपेतून उठून आलेले, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. त्यांनी दोघांकडे पाहिलं. "आधी कुणाला घेऊ? दोघांनाही थांबता येणार नाही. ह्याचं डोकं फुटलंय, ह्याचं रक्त चाललंय. हात लगेच शिवला तर बोटं वाचतील कदाचित."

मावशीनं खाणवाल्याकडे हात केला. "आधी त्याला."

"ह्याचा हात जाईल, बाई. कोण हा तुमचा?"

"भाऊ. आधी त्याला घ्या."

दार बंद झालं. बाहेरच्या पडवीत बाक नव्हतं. तांडेल भिंतीला टेकून जमिनीवर बसला. मावशीनंही आपला ताठ पाय पुढे सरळ पसरला आणि भिंतीला धरत धरत खाली घसरली. माझ्या सगळ्या मुक्कामात मी तिला बसलेली पाहिली ती तेवढीच. तिनं भावाचा हात मांडीवर घेतला आणि कापलं होतं तिथं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं.

"मी तुझा सख्खा भाऊ ना गं?"

"हो."

"मग?"

"बोलू नकोस. रक्त येतं बोललं की."

पण तो बोललाच. त्यानं तिला अशा शिव्या दिल्या की मी, नाटक कंपनीत वाढलेली बाई, ऐकून गार झाले. लंगडी म्हटलं, वांझ म्हटलं, पोरगा तुझ्याकडे दिला तीच चूक झाली म्हटलं. ती एकेका शिवीला मान हलवत होती आणि अंगठे तसूभरही हलवत नव्हती. तिचा खांदा एव्हाना काळानिळा होऊन फुगला होता. आतून मधूनमधून खाणवाला ओरडायचा. तो ओरडला की दोघंही गप्प व्हायची आणि दाराकडे बघायची. तो ओरडतोय म्हणजे आहे, हे दोघांनाही कळत होतं. मग आवाज थांबायचा, आणि तांडेल विचारायचा, "गेला काय?" ती म्हणायची, "ऐक जरा." पुन्हा ओरडा यायचा. तांडेल मान मागे टाकायचा आणि शिव्या जिथं सोडल्या होत्या तिथून पुढे सुरू करायचा.

दीड तासानं डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "डोळा गेला," ते म्हणाले. "माणूस राहील. आता ह्याला आणा."

मावशीचे अंगठे इतके आखडले होते की ते भावाच्या हातावरून मला एकेक करून सोडवावे लागले.